वचन, वही आणि थोरांची आयुष्यं: रोजची उभारी मिळवायला सुरुवात कशी करावी

तरुण संघाची बैठक संपली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि विचारतं, "टीचर, रविवारी उपासनेत मन भरून येतं. सोमवारी कामावर गेलं की सगळं कुठं जातं?" विचारणाऱ्यांत नव्यानं विश्वासात आलेले असतात, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती घरात वाढलेले असतात, आणि मैत्रिणीबरोबर सहज येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्याही असतात. या सगळ्यांना मी जे सांगते, ते इथं जरा सविस्तर लिहिते आहे. सोलापुरातल्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, कारण आपल्या पाळ्या, आपलं पाणी, आपलं ऊन यांचा विचार न करता दिलेला सल्ला चार दिवसही टिकत नाही.

तीन गोष्टी लागतात: रोज पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, थोडं वचन, एक वही, आणि अधूनमधून एखाद्या थोर माणसाचं आयुष्य. तिन्ही एकत्र. नुसतं वचन वाचलं आणि लिहिलं नाही, तर दुपारपर्यंत विसरतं. नुसती वही लिहिली आणि वचन नसेल, तर आपण आपल्याच विचारांभोवती फिरत राहतो. आणि चरित्रं नसतील, तर वचन प्रत्यक्ष जगता येतं यावर मनाचा विश्वास बसत नाही.

हे तिन्ही एकत्र आल्यावर काय होतं

याचं उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर उभं आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड आणि पाटस मागे पडलं की केडगाव स्टेशन येतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. रमाबाई 1858 साली जन्मल्या. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीनं गेली. पुढं भाऊ गेला, 1882 साली पती गेले, कडेवर लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं.

त्या काळात त्यांच्या वाचनात काही चरित्रं आली. त्यांत जॉर्ज म्यूलर यांची हकीकत होती. म्यूलर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अनाथ मुलांचं घर चालवत. कुणाकडे हात न पसरता, गरज देवाजवळ मागायची, आणि काय मागितलं, काय मिळालं, हे वहीत टिपून ठेवायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या टिपणांवरून तयार झालेला त्यांच्या वृत्तांताचा पहिला भाग 1837 साली छापला गेला. रमाबाईंनी ते वाचलं, हडसन टेलर यांच्या चीनमधल्या कामाबद्दल वाचलं, जॉन पॅटन या मिशनऱ्याचं चरित्र वाचलं. ही माणसं देवावर भरवसा ठेवून जगली, मग आपल्या देशात तसं जगता येणार नाही का, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. 1896च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, आणि केडगावचं माळरान त्यांचं घर झालं.

म्हणजे ब्रिस्टलमध्ये एका माणसानं रोजच्या रोज लिहून ठेवलेल्या नोंदी पुण्यात एका विधवा आईच्या हातात पडल्या, आणि शेकडो बायका-मुलींच्या पोटात अन्न गेलं. वही लिहायला का सांगता, असं कुणी विचारलं की मी हीच हकीकत सांगते.

आधी वेळ आणि जागा पक्की करा

पहाटे चारला उठण्याचा संकल्प करू नका. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. ते वाचून पुष्कळ जण पहाटेचा गजर लावतात आणि आठवड्यात थकतात. तो वेळ त्याच्या दिवसात सापडलेला वेळ होता. तुमचा तुमच्या दिवसात शोधा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांना बहुधा पाळी संपल्यावरची वेळ बरी पडते. घरी येऊन हातपाय धुतले, चहा झाला, की पंधरा मिनिटं. मुलांना शाळेत धाडून मोकळ्या होणाऱ्या आयांना सकाळचे साडेआठ-नऊ चांगले. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना मी सांगते, दुपारी सूप खाली ठेवलं की वही उचला. कॉलेजच्या मुलांनी रात्री मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावावा आणि मग बसावं.

पाण्याच्या दिवसाचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कुणीच मोकळं नसतं. त्या दिवसासाठी वेगळी तजवीज ठेवा: आदल्या रात्रीच एक वचन कागदावर लिहून मोरीच्या भिंतीला चिकटवा आणि पाणी भरताना ते तोंडानं म्हणत राहा. वहीत फक्त तारीख आणि संदर्भ. तेवढ्यानं खंड पडत नाही.

जागा मोठी लागत नाही. एका खोलीच्या घरात कोपरा पुरतो. फक्त रोज तोच असावा. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापून असते, तेव्हा ऊन चढण्याआधी गच्चीवर जा. पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात राहणाऱ्यांना शांतता मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी मोठ्यानं वाचावं. आपला आवाज आपल्या कानावर पडला की बाहेरचा खडखडाट मागे सरतो.

वाचायला कुठून सुरुवात करावी

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहात होतं, लेवीय आलं की नवखा माणूस अडखळतो. मार्कपासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचं. रोज दहा-बारा वचनं घेतली तर साधारण दोन महिन्यांत पूर्ण होतं. त्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र, किंवा लांबलचक असेल तर अर्धं. मार्क झालं की लूक घ्या, मग फिलिप्पैकरांस पत्र. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, त्यामुळं तारखेप्रमाणं एकेक अध्याय वाचणारे पुष्कळ जण आहेत. ती पद्धत चांगली आहे, पण पहिले दोन महिने येशूबरोबर चालण्यात घालवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उतारा दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट कळण्यासाठी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थानं नवा करार भेट दिला. टिळकांना पुस्तक वाचताना पेन्सिलीनं खुणा करायची सवय होती, तसंच त्यांनी हेही वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते सोडवेना. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढं त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंगांच्या चालीवर गाता येतील अशी गीतं दिली. आज आपण उपासनेत जी गातो, त्यांतली कितीतरी त्यांची आहेत.

पवित्र शास्त्रावर खूण करायला काही जण घाबरतात. मऊ पेन्सिलीनं बारीक खूण केली तर काही बिघडत नाही. तरी मन होत नसेल, तर वहीत लिहा.

तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलांसाठी एक गोष्ट. तुम्ही शाळेत मराठी शिकलात, तेव्हा वाचन मराठीत करा, हरकत नाही. प्रार्थना मात्र आई ज्या भाषेत हाक मारते, तिच्यात करा. वहीत भाषा मिसळल्या तरी चालतात.

वही

महागडी डायरी आणू नका. नवी पेठेत मिळणारी शाळेची दोनशे पानी वही पुरे. भारी डायरी आणली की अक्षर चांगलं काढावंसं वाटतं, वाक्यं सजवावीशी वाटतात, आणि देवाशी बोलणं बाजूला राहतं.

रोज अर्धं पान. त्यात काय यावं, हे सांगण्यापेक्षा एक नमुना देते. एका कापड दुकानात काम करणारी मुलगी अशी नोंद करू शकेल:

मंगळवार. मार्क 10:46–52.
बार्तीमय ओरडत राहिला. लोक गप्प बस म्हणाले तरी ओरडला. येशू थांबला.
येशू विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? मला आज काय हवं आहे? शेठजींशी बोलायचं धैर्य. आईला डोळे दाखवायला न्यायचं आहे, सुट्टी मागायची आहे, आठवडा झाला तोंड उघडत नाही.
उपकारस्तुती: रात्री लाइट गेली नाही, आईला झोप लागली.
प्रार्थना: शेजारच्या काकूंचं ऑपरेशन. भावाची परीक्षा.
आज करायचं: दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा विचारायचं.

या नोंदीत मोठं तत्त्वज्ञान नाही, आणि म्हणूनच ती उत्तम आहे. वचनातली एक बाब तिनं उचलली, ती आपल्या आजच्या दिवसाला लावली, आणि करायची गोष्ट वेळेसकट लिहिली. याकोबाच्या पत्रात आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाचा दाखला आहे. "आज करायचं" ही ओळ त्या विसरण्यावरचा उपाय आहे. नवख्यांच्या वह्यांत हीच ओळ सगळ्यांत जास्त वेळा कोरी राहते. "प्रेमळ व्हायचं", "विश्वास वाढवायचा" असं लिहू नका. त्याचं संध्याकाळी काय झालं ते तपासता येत नाही. कुणाला फोन करायचा, कुणाचे पैसे परत द्यायचे, कुणाशी अबोला सोडायचा, ते लिहा.

प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी वहीच्या मागच्या बाजूनं वेगळी पानं ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि विनंती, उजवं पान मोकळं. उत्तर मिळालं की समोर तारीख घालून लिहायचं. उत्तर "नाही" असं आलं, तर तेही लिहायचं. काही ओळींसमोर वर्षभर काहीच येणार नाही. त्या खोडू नका.

आमच्या मंडळीतल्या एका आजींचं पवित्र शास्त्र मी जवळून पाहिलं आहे. पाठीला कापडी चिकटपट्टी, कडा पिवळ्या. सदतिसाव्या स्तोत्रात, मी तरुण होतो, आता वृद्ध झालो, तरी नीतिमानाला टाकून दिलेलं पाहिलं नाही, असं वचन आहे. त्याच्या शेजारी निळ्या शाईत एक तारीख आणि दोनच शब्द: "गिरणी बंद." त्याखाली, वेगळ्या पेननं, पुष्कळ नंतरची तारीख: "धाकटा लागला." मधल्या काळात त्यांनी काय खाल्लं, फी कशी भरली, हे तिथं काही नाही. विचारलं तर सांगतात, पण पान पाहूनच कळतं की या बाईनं त्या वचनाला धरून दिवस काढले. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरांत असे दोन शब्द कुणी ना कुणी लिहिले असतील.

वही कुठं ठेवायची, हा प्रश्न बायका हळूच विचारतात. एकत्र कुटुंबात कपाटाला कुलूप नसतं. म्हणून एक नियम पाळा: दुसऱ्याचं गुपित वहीत लिहू नका. कुणी विश्वासानं काही सांगितलं असेल तर नावाचं पहिलं अक्षर आणि "तिच्यासाठी" एवढंच. देवाला पूर्ण नाव माहीत आहे. आपलं गाऱ्हाणं मात्र खुशाल लिहा. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला थेट विचारतो, मला किती काळ विसरणार? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो. पवित्र शास्त्रात अशा प्रार्थनांना जागा आहे, तेव्हा तुमच्या वहीतही असायला हवी.

कोरडे दिवस

तीन-चार आठवडे झाले की असे दिवस येतातच. वचन वाचतो, काही जाणवत नाही. वही उघडतो, हात चालत नाही.

आपल्या भागातली रब्बीची ज्वारी आठवा. पाऊस सरत आला की पेरतात, आणि पुढं पाणी नाही मिळालं तरी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते. कोरड्या दिवसांत नवं काही सुचत नसेल तर मागची पानं उघडा. उजव्या बाजूच्या तारखा वाचा. तेवढं झालं की आजची तारीख घाला आणि लिहा, "आज मागचं वाचलं." ही पूर्ण नोंद आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, शमुवेल एक दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव देतो आणि म्हणतो की इथवर परमेश्वरानं आपल्याला साहाय्य केलं आहे. सोलापुरात फिरताना एखाद्या घरावर "एबनेझर" अशी पाटी दिसते, ती यावरूनच. "इथवर" हे मागं वळून पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही.

आता एक गंभीर बाब. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था आठवडाभराहून जास्त टिकली, तर ती विश्वासाची कमतरता समजू नका आणि कुणी तसं म्हणालं तर ऐकू नका. पाळकसाहेबांना सांगा, आणि डॉक्टरांकडेही जा. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर फोनवरून मराठीतही मदत करते, तीही विनामूल्य. जीव देण्याचा विचार मनात आला असेल तर आठवड्याची वाट पाहायची नाही; त्याच घटकेला फोन करायचा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवायचं. प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो ख्रिस्ताच्या नावानंच, आणि आपल्याकडचे किती रुग्ण कुर्डूवाडीमार्गे तिथं जाऊन बरे होऊन आले.

चरित्रं कशी वाचावीत

इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितलं आहे की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचं फलित पाहा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. म्हणून चरित्र वाचणं हा भक्तीचाच भाग आहे.

दोन महिन्यांत एक चरित्र पुरे. सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून करा. 1934 साली त्याचा पहिला भाग आला, आणि मराठीत इतकं मोकळं आत्मकथन क्वचितच सापडेल. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, मिळण्यात अडचण येऊ नये. नवरा (वर आलेले नारायण वामन टिळक) ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. त्या दूर राहिल्या, रडल्या, रागावल्या. मग जवळ आल्या, पण आपलं सोवळंओवळं सांभाळून. आणि ते सोवळं मनातून हळूहळू कसं गळत गेलं, हे त्या इतक्या साधेपणानं सांगतात की वाचणाऱ्याला आपलं घर दिसू लागतं. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला, पतीच्या मागून पाच वर्षांनी. घरात आपण एकटेच विश्वासात आलो आहोत, घरचे नाराज आहेत, अशी ज्यांची परिस्थिती आहे, त्यांनी हे पुस्तक दोनदा वाचावं. एकदा स्वतःसाठी, आणि एकदा घरच्यांच्या बाजूनं, कारण लक्ष्मीबाई त्या वेळी "घरच्यां"च्या जागी होत्या.

मग रमाबाई. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नवख्यांना फार उपयोगी पडते: बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या श्रद्धेच्या मुद्द्यांवर पत्रांतून वाद घालत, सांगितलं म्हणून मान्य करत नसत. आणि याच बाईनं आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, ते मुक्तीतल्या मुलींनी अक्षरांचे खिळे जुळवून छापलं. 1922 साली त्या गेल्या. आदल्याच वर्षी मनोरमा गेली होती. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं ज्यांना बजावलं गेलं आहे, त्यांच्यासाठी रमाबाई फार मोठा आधार आहेत.

बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकातलं. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं धीरानं वाचावी लागतात. ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

ख्रिस्ती नसलेल्यांची चरित्रं वाचावीत का, असं विचारतात. जरूर वाचावीत. लूकच्या दहाव्या अध्यायात शेजारी कोण हे दाखवायला येशूनं शोमरोनी माणूस निवडला, ज्याला ऐकणारे आपला मानत नव्हते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मले. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले, तिथंच लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. तरुणांना घेऊन जा. जाण्याआधी सर्वांनी लूक 10 वाचावं आणि परत आल्यावर वहीत लिहावं.

तसंच आपले चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. वेगवेगळ्या जातिधर्मांची ही माणसं एकाच दिवशी, देशाच्या स्वातंत्र्याच्या एकाच कारणासाठी गेली. त्यांच्या नावाच्या चौकातून आपण रोज जातो. एकदा थांबून नावं वाचावीत.

चरित्र वाचताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. या माणसाला सगळ्यांत जड काय गेलं? तेव्हा त्यानं काय केलं? त्यातलं मला या आठवड्यात काय करता येईल? कर्तृत्वाच्या याद्या उतरवून काढू नका; त्यानं दडपण येतं. आणि कुणालाही देव्हाऱ्यात बसवू नका. पवित्र शास्त्र दाविदाचं पाप लपवत नाही, पेत्रानं तीनदा नाकारलं तेही सांगतं. आपल्या आवडत्या माणसाच्या उणिवा वाचूनही त्याच्याबद्दल आदर राहिला, तर तो आदर खरा.

जमेल तेव्हा केडगावला जाऊन या. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, त्यामुळं वेळापत्रक आधी पाहा आणि संस्थेला आधी विचारून मगच जा; आजही तिथं माणसं राहतात.

आपल्यातली माणसं

पुस्तकातल्या माणसांइतकीच मोलाची माणसं आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. निवृत्त नर्सबाई, गृहभेटीला सायकलवर जाणारे मंडळीचे वडील, वर्षानुवर्षं चर्चच्या सतरंज्या झटकणारे काका. त्यांची साक्ष, म्हणजे देवानं त्यांच्या आयुष्यात काय केलं ती हकीकत, कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

दुपारच्या झोपेनंतर, चारच्या सुमाराला जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, चार केळी तरी न्या. "तुमची साक्ष सांगा" असं म्हटलं तर ते संकोचतात किंवा उपदेश सुरू करतात. त्याऐवजी विचारा, "मावशी, तुम्ही सोलापुरात पहिल्यांदा आलात तेव्हा कुठं राहत होता?" जागेपासून सुरुवात झाली की माणसं आपोआप आठवतात. मध्ये बोलू नका. मोबाइलवर टिपायचं असेल तर आधी परवानगी घ्या. घरी येऊन त्याच रात्री लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत. आणि पुढच्या भेटीत त्यांना वाचून दाखवा. एखादं वाक्य काढून टाक म्हणाल्या तर काढा.

सोबत

एकट्यानं हे फार काळ चालत नाही. आठवड्यातून एकदा एका माणसाबरोबर बसा. उपासनेनंतरची अर्धी घटका पुरे. दोघांनी आपापल्या वहीतली एकच नोंद वाचायची, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, उठायचं. सल्ला मागितला नसेल तर द्यायचा नाही. बाईनं बाईबरोबर, पुरुषानं पुरुषाबरोबर बसावं. नवराबायको अर्थातच एकत्र.

सकाळी मोबाइलवर येणारी वचनांची रंगीत चित्रं पुढं पाठवायला हरकत नाही, पण त्याला आजचं वाचन समजू नका. वचन स्वतःच्या हातानं लिहा आणि ज्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला दोन ओळींचा निरोप धाडा: आज सकाळी तुझं नाव घेतलं. चित्रापेक्षा हा निरोप माणसं जपून ठेवतात.

वही संपल्यावर, आणि घरात मुलं असतील तर

महिन्यातून एकदा, शक्यतो पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला जाण्याआधी, महिन्याच्या नोंदी वाचा. आपल्या हातून राहिलेलं तिथं स्वच्छ दिसतं, आणि कुणाची क्षमा मागायची तेही. 31 डिसेंबरला वॉच नाइटच्या उपासनेला जाताना वर्षाची वही बरोबर न्या आणि साक्षीची वेळ आली की तिच्यातलीच एखादी नोंद वाचा. तारखेसकट सांगितलेली छोटी साक्ष ऐकणाऱ्याला लवकर भिडते.

मुलांना वहीची सक्ती करू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री जेवणानंतर दोन प्रश्न विचारा: आज कशाबद्दल देवाला थँक यू म्हणशील, आणि कुणासाठी प्रार्थना करू या? उत्तर तुम्ही लिहा, त्याच्यादेखत, त्याच्याच शब्दांत. चित्र काढायचं असेल तर काढू द्या. एखाद्या रात्री तो म्हणेल, आज काही नाही. मग "आज काही नाही" असंच लिहा आणि खाली तारीख घाला. अक्षर लागलं की तो पेन स्वतःच मागून घेतो.